‘शिवकालीन’ म्हणण्यापूर्वी

गगनबावड्याच्या मातीत लोखंड टिकत नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरांवर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्याशी वसलेले हे गाव. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि पायाखाली जांभ्याची आम्ल माती. तलवारीचे पाते अशा मातीत काही शतके पडून राहिले की त्याची गंजाने फुगलेली, हातात घेताच पापुद्रे सुटणारी पट्टी होते. म्यानाचे लाकूड कुजते, त्यावर मढवलेले चामडे किंवा मखमल तर त्याही आधी जाते. मागे उरते ते तांब्यापितळेचे: म्यानाच्या टोकाचे टोपण, पट्ट्याची कडी, मुठीवरची एखादी नक्षीदार फुली. शस्त्र नाहीसे होते आणि त्याचा अलंकार तेवढा शिल्लक राहतो.

हा अलंकार मग कोणाच्या तरी हाती लागतो. नांगराच्या फाळाला लागतो, जुन्या घराची भिंत उतरवताना निघतो, गड स्वच्छ करायला गेलेल्या मुलांना पायवाटेच्या कडेला सापडतो. संध्याकाळपर्यंत तो चिंचेने घासून लखलखीत झालेला असतो, त्याचे छायाचित्र शेकडो भ्रमणध्वनींवर पोचलेले असते आणि त्याखाली एक शब्द असतो: ‘शिवकालीन’. या शब्दामागच्या भावनेबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, हा शब्द ओळखीच्या आरंभी येतो आणि ओळख तिथेच संपवतो. एकदा ‘शिवकालीन’ म्हटले की ती वस्तू नेमकी काय आहे, कशाला जोडलेली होती, कुठे आणि किती खोलीवर मिळाली, हे विचारण्याचे कारण कोणाला उरत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नसावा. कवितेची एक ओळ वाचून कवीचे नाव सांगण्याची घाई आपल्या वर्गांतही चालतेच.

उदाहरणादाखल एक वस्तू कल्पू. चार सेंटिमीटर लांबीचे, एका बाजूने उघडे, दुसऱ्या टोकाला निमुळते होत गेलेले पितळी टोपण. टोकाला कमळकळीसारखा लहानसा गोंडा, अंगावर वेलबुट्टी, कडेला एक बारीक छिद्र. गगनगडाच्या उतारावर मिळाले आहे असे धरू. हे काय असेल? पहिले उत्तर सर्वांच्या मनात येते तेच: तलवारीच्या म्यानाचे टोक. शस्त्रांच्या अभ्यासात म्यानाच्या तोंडाशी बसवलेल्या धातूच्या भागास मुहनाल आणि तळाच्या टोपणास तहनाल म्हणतात. तोंड आणि तळ, इतका सरळ अर्थ. परंतु चार सेंटिमीटरांचे टोपण काठीची शेंबीही असू शकते. चामड्याच्या पट्ट्याचे टोक झिजू नये म्हणून चढवलेली टोपी असू शकते, घोड्याच्या साजाचा तुकडा असू शकते, एखाद्या पेटीचा कोपरा असू शकते. नक्षी या सर्वांवर सारखीच शोभते.

म्हणून नक्षीकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी टोपणाच्या आत पाहावे. आतली पोकळी गोल असेल तर ती दांड्यासाठी केलेली आहे. मग ती काठी असो, भाल्याचे बूड असो की छत्रीचा दांडा. पोकळी चपटी पण मध्ये फुगीर, जवसाच्या दाण्यासारखी असेल, तर आत पाते सामावणाऱ्या लाकडी म्यानाची शक्यता बळावते. पोकळी म्हणजे नुसती एक चीर असेल, तर आत चामड्याच्या पट्ट्याखेरीज दुसरे काही मावणार नाही. दोन्ही कडा समान आहेत की एक कड अधिक वळलेली आहे, हेही पाहावे, कारण वक्र तलवारीच्या म्यानाचे टोपण सहसा दोन्ही बाजूंनी सारखे नसते, सरळ पात्याचे असते. कट्यारीचे म्यान आखूड आणि त्रिकोणी, म्हणून तिचे टोपण अरुंद. मग पाठ पाहावी. नक्षी एकाच बाजूला असेल आणि दुसरी बाजू सपाट, कोरी असेल, तर ती कोरी बाजू अंगाला किंवा कापडाला लागून राहत होती असा अंदाज करता येतो. झीज कुठे आहे ते बोटाने चाचपावे. वर्षानुवर्षे दगडाधोंड्यांवर आपटलेले टोक आणि पेटीच्या कोपऱ्यावर बसून राहिलेला पत्रा यांची झीज एक नसते. छिद्रात खिळ्याचा अंश आहे का, तो पितळेचा की लोखंडाचा? लोखंडाचा असेल तर भोवती तांबूस डाग असतो.

आणि हे सारे चिंच लावण्यापूर्वी करायचे असते, हा मुद्दा कितीही वेळा सांगितला तरी थोडाच. तांब्याच्या हिरव्या गंजात जंतूंना मारक क्षार असतात. त्यामुळे टोपणाच्या आत अडकलेला लाकडाचा किंवा चामड्याचा कण, एरवी कधीच कुजून गेला असता तो, त्या हिरव्या थरात टिकून राहतो. सोन्याचा मुलामा असेल तर त्याचे पुसट अवशेषही खोलगट रेषांतच राहतात. दहा मिनिटांच्या घासण्यात हे सारे वाहून जाते आणि हातात येते एक चकचकीत, मुकी वस्तू. हस्तलिखिताच्या समासातल्या टिपा खोडरबराने पुसून पान स्वच्छ केल्याचे समाधान मानावे, तसे हे समाधान आहे.

नक्षीवर माझा इतका अविश्वास का, तेही सांगायला हवे. कमळकळी, पोपट, मकरमुख, वेल हे आकार आपल्या कारागिरांनी शतकानुशतके सोडले नाहीत. ओतीव कामात तर जुन्या नमुन्यावरून नवा साचा घेता येतो. नातवाने आजोबांच्या म्यानावरचीच कळी पुन्हा ओतली, तर कळी पाहून काळ कसा सांगणार? शिवाय शस्त्र ही एकाच काळाची वस्तू क्वचित असते. पाते एका पिढीचे, मूठ दुसऱ्या पिढीत बदललेली, म्यान तिसऱ्या पिढीत नव्याने मढवलेले. फिरंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलवारीत तर पाते युरोपातून आलेले आणि मूठ इथे चढवलेली. दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रे काढायची, घासायची, पुजायची, मोडलेले दुरुस्त करायचे, ही आपली जुनी रीत. म्हणजे म्यानाचे टोपण हे संहितेतल्या प्रक्षेपासारखे आहे. ते मूळ ग्रंथाहून बरेच उत्तरकालीन असू शकते, आणि तरीही खरे असते.

‘मध्ययुगीन’ या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. युरोपीय अभ्यासक सर्वसाधारणपणे इसवी सन १५०० च्या आसपास मध्ययुग संपवतात. मराठी इतिहासलेखनात ते अनेकदा १८१८ पर्यंत ओढले जाते. गगनगडाची उभारणी परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावाशी जोडली जाते. तेराव्या शतकाच्या आरंभी यादवांच्या सिंघणाने भोजाची सत्ता संपवली. पुढे आदिलशाही आली, मग मराठे, मग कोल्हापूरचे राज्य आणि त्यात बावड्याच्या पंत अमात्यांची जहागीर. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी बंड केले, ते इंग्रजांच्या फौजेने मोडले आणि त्यानंतर संस्थानातील किल्ल्यांची तटबंदी निकामी केली गेली. या मुलखात मिळालेले पितळी टोपण बाराव्या शतकातले असू शकते आणि १८४४ सालच्या एखाद्या शिपायाच्या पट्ट्याचेही. सात शतकांचे हे अंतर एका विशेषणात बसवणे अवघड नाही, पण तसे करून आपण काय मिळवतो?

वेषाच्या वस्तूंबाबत तर एक वेगळीच अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. इंग्लंडात मध्ययुगीन धातुवस्तूंचे जे ढीग सापडतात, त्यांत पट्ट्याची बक्कले, पट्ट्याच्या टोकाच्या पट्ट्या आणि कपडे अडकवण्याच्या पिना यांचा भरणा मोठा. कारण तिथला पोशाख अडकवायचा होता. आपला पोशाख बांधायचा आणि गुंडाळायचा. धोतर, लुगडे, शेला, पागोटे यांना धातूची गरज नाही. अंगरख्याला आणि जाम्याला बंद असत, ते गाठीने बांधत. कमरेला कापडाचा पटका, त्यात खोचलेली कट्यार. म्हणून आपल्या मातीत वेषाच्या धातुवस्तू मिळाल्या तर त्या कुठे शोधायच्या? जिथे कापड संपते आणि चामडे किंवा दागिना सुरू होतो तिथे: तलवार अडकवण्याच्या पट्ट्यावर, घोड्याच्या साजावर, कमरपट्ट्याच्या आकड्यावर. परदेशी सूचीत पाहून ‘हे बक्कल दिसते’ असे म्हणणारा माणूस, नकळत, आपल्या पूर्वजांना परके कपडे चढवत असतो. एखादे खरोखरीचे बक्कल निघालेच, तर ते सैन्याच्या गणवेशाबरोबर आलेले, म्हणजे बरेच अलीकडचे असण्याचा संभव आधी तपासावा.

ओळखीच्या या व्यवहारात नाव कुठून येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अलीकडचेच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये उसनवारीवर साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून पुष्कळ वाद झाला. त्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली. अफजलखानाच्या वधाशी त्या वाघनखांचा संबंध सांगणारा मजकूर वाघनखांवर नाही, ती ज्या पेटीत ठेवली होती त्या पेटीवर आहे. आणि १८१८ नंतर साताऱ्यास राहिलेल्या जेम्स ग्रँट डफला ती मिळाल्याचे तो मजकूर सांगतो. हीच ती वाघनखे असे खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. म्हणजे ओळख वस्तूची नव्हती, पेटीची होती. मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते ते यासाठी की, पेटीवरचा मजकूर हासुद्धा पुरावाच आहे. तो कधीचा, कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, हे विचारायला हवे एवढेच. हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण साहित्याच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते. शस्त्रसंग्राहकाला ते असतेच असे नाही.

याउलट उदाहरण कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४–४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती होती; आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. ग्रीक देव सह्याद्रीच्या या बाजूला आलाच कसा, याचे कुतूहल कोणालाही वाटेल. ती मूर्ती एकटीच बाजारात विकायला आली असती तर ती खोटी ठरली असती, किंवा एखाद्या साहेबाच्या दिवाणखान्यातून सुटलेली शोभेची वस्तू. तसे झाले नाही, कारण तिच्यासोबत काय होते आणि ती कुठे होती हे ठाऊक होते. १९४५–४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्याच टेकडीवर उत्खनन केले आणि सातवाहन काळातील वस्तीपासून बहमनी काळापर्यंतचे थर उलगडले. त्या थरांनी मूर्तीला काळ दिला, वस्ती दिली, रोमन व्यापाराचा संदर्भ दिला. एवढेसे धातूचे बाहुले बोलू लागले ते आपल्या मातीच्या जोरावर. गगनबावड्याच्या आपल्या त्या कल्पित टोपणाला नेमके हेच नाकारले जाते.

इंग्लंडने या बाबतीत केलेली व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. १९९७ पासून तिथे लोकांना सापडलेल्या लहानसहान पुरावस्तूंची नोंद करणारी योजना चालते. पंधरा लाखांहून अधिक वस्तू तिच्या सूचीत आल्या आहेत आणि त्यांतल्या असंख्य वस्तू अशाच, नखाएवढ्या. वस्तू बहुधा शोधणाऱ्याकडेच राहते, नोंद मात्र सार्वजनिक होते. त्याआधी थेम्सच्या काठावरील उत्खननांत मिळालेल्या मध्ययुगीन वेषवस्तूंवर जिऑफ ईगन आणि फ्रान्सिस प्रिचर्ड यांचा ग्रंथ १९९१ मध्ये निघाला. तिथल्या लाकडी धक्क्यांचे काळ वर्षवलयांवरून ठरवता येत होते, म्हणून त्या धक्क्यांमागच्या भरावातील बक्कलांनाही काळ मिळाला. आपल्याकडे अशी सूची नाही, तुलनेसाठी असा ग्रंथ नाही. आहेत ते संग्रहालयांतल्या अखंड, देखण्या शस्त्रांचे ग्रंथ. तुटलेल्या तुकड्यासाठी त्यांत जागा नसते.

मात्र ती व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. धातुशोधक यंत्र घेऊन शेते पालथी घालणारे शौकीन ही तिथे नोंदीची मुख्य वाट आहे. आपल्या गडांवर ते थेट विध्वंस ठरेल, आणि संरक्षित स्मारकावर तर तो गुन्हा आहे. आपला कायदाही निराळा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. दहा रुपये! १८७८ साली ती रक्कम लहान नव्हती. आज पितळेचे टोपण मोडीत घातले तरी बहुधा तेवढे येतील. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम आहे. कायदे आहेत, पण शेतात सापडलेली वस्तू घेऊन कार्यालयात जाणाऱ्या माणसाला तिथे काय अनुभव येतो, याच्या कथा मी इतक्या ऐकल्या आहेत की लोक गप्प का राहतात याचे मला नवल वाटत नाही. कागद होतो, वस्तू आत जाते, पुढे तिचे काय झाले ते कळत नाही. ‘आमच्या देवघरात तरी सुरक्षित राहील’ असे म्हणणाऱ्या माणसाला अडाणी ठरवणे सोपे आहे. त्याचा अविश्वास कमी करणे कठीण.

म्हणून माझी मागणी लहान आहे. गावागावातल्या वाचनालयांनी आणि तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी एक नोंदवही ठेवावी. वस्तू ताब्यात घेऊ नये, तिची किंमत करू नये. कोणत्या शिवारात, कोणत्या उतारावर, किती खोलीवर, सोबत खापरे, कोळसा, हाडे, बांगडीची काच असे काही होते का, हे लिहून घ्यावे. दोन्ही बाजूंची आणि पोकळीची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून काढावीत, वजन करावे, आणि घासू नका असे हात जोडून सांगावे. जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा अर्ज लिहायला मदत करावी. वस्तू पुढे कुठेही गेली तरी तिच्या जागेची नोंद गावात राहील. ‘काळ’ हा रकाना कोरा सोडण्याची मुभा असावी; किंबहुना आग्रह असावा.

यात मराठी विभाग कशाला, असे कोणी विचारील. मुद्दाम म्हणतो, कारण निम्मे काम शब्दांचे आहे. १७१५ चे आज्ञापत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते रामचंद्रपंत अमात्य बावड्याचेच जहागीरदार. त्या संहितेतल्या दुर्गप्रकरणावर आपण निबंध लिहितो, परीक्षेत प्रश्न घालतो. शिवराज्याभिषेकाच्या काळातला राज्यव्यवहारकोश, रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाशी जोडलेला, दहा वर्गांत विभागला आहे आणि त्यातला एक शस्त्रवर्ग आहे. फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश आपण भाषाशुद्धीच्या वादात उद्धृत करतो. त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या वस्तूचा, ती दिसे कशी, बनवी कोण, हे विचारायला क्वचितच थांबतो. मोल्सवर्थच्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कारागिरीचे शेकडो शब्द निपचित पडले आहेत. दप्तरांतल्या जिन्नसवार याद्यांत आणखी असतील. संग्रहालयांत वस्तू आहेत, त्यांच्याखालच्या पाट्यांवर भाषांतरित नावे आहेत. शब्द एकीकडे, वस्तू दुसरीकडे, आणि मध्ये कोणी नाही. लोहार, सोनार, जिनगर यांच्या बोलण्यातले शब्द याच गतीने जात राहिले तर आणखी एका पिढीनंतर ती गाठ घालणे शक्य होणार नाही. एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय मिळत नाही अशी ओरड नेहमी ऐकू येते, म्हणून हे जरा मोठ्याने म्हणतो.

आणखी एक साधन आपल्या वाटेवरच उभे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या देवळांपुढे वीरगळ आहेत. काही मातीत अर्धे गाडलेले, काहींना शेंदूर फासलेला. त्यांवरचे वीर शिलाहार-यादव काळातल्या शिल्पकारांनी घडवले, आणि युद्धाच्या चौकटीत वीराच्या कमरेचे वस्त्र, हातातले खड्ग, खोचलेली सुरी हे सारे दिसते. शिल्पातली वस्तू म्हणजे प्रत्यक्ष वस्तू नव्हे, शिल्पकाराच्या सवयीही त्यात मिसळलेल्या असतात, हे खरे. पण जमिनीतल्या तुकड्याला ताडून पाहायला त्या काळची आणि त्या परिसरातली दुसरी जागा नाही. वीरगळ पाहायचा तो दुपारी नव्हे. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, तिरप्या प्रकाशात, कमरेच्या पातळीवर डोळे आणून बसावे. म्यान कमरेला कशाने धरले आहे, गाठीने की कडीने? म्यानाचे टोक गोल आहे, टोकदार आहे, की त्याला कळी आहे? वीराच्या पंजाच्या मापाने ती किती मोठी दिसते, ते टिपून घ्यावे आणि मग पुढच्या देवळाकडे निघावे.